बाधित फोनवरूनच बदललेला पासवर्ड : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एका छोट्या व्यवसायाचे हिशेब सांभाळणाऱ्या बाईंच्या फोनचं हे प्रकरण. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. वेळा आणि पायऱ्या मात्र तशाच ठेवल्या आहेत, कारण इथे सगळा फरक क्रमाने पडला.

फोन अँड्रॉइड १३ चा, अडीच वर्षं वापरलेला. सुरक्षा पॅच, म्हणजे फटी बुजवणारा अपडेट, सात महिने जुना. स्क्रीन लॉकला चार आकडी पिन होता आणि बँकेच्या ॲपलाही तोच. ईमेल, बँक आणि मेसेजिंग ॲप या तिन्हींचे ओटीपी एसएमएसने येत. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे प्रवेशाचे कोड तेवढे ऑथेंटिकेटर, म्हणजे फोनमध्येच कोड तयार करणाऱ्या ॲपमध्ये होते, पण ते हरवल्यास लागणारे बॅकअप कोड कुठेही उतरवून ठेवलेले नव्हते. फोनमध्ये ६१ ॲप्स होती, त्यातली निम्मी वर्षभर उघडलेलीही नव्हती.

जुना पॅच वाचून बरेच जण तिथेच बोट ठेवतील. पॅच वेळेवर घ्यावाच, पण या प्रकरणात त्याचा संबंध नव्हता. फोनमधली कुठलीही तांत्रिक फट वापरली गेली नाही. जे झालं ते मालकिणीच्या परवानगीने झालं, आणि फोनने ती परवानगी पाच वेळा विचारली होती.

काय घडलं

सकाळी ११:४० ला एका ओळखीच्या सहकाऱ्याच्या खात्यावरून निरोप आला: तुमचं पार्सल परत जातंय, सोबतच्या फाइलमध्ये पत्ता दुरुस्त करा. फाइल सहा एमबीची होती आणि नावाच्या शेवटी ‘.एपीके’ होतं. एपीके म्हणजे कागद नव्हे, अँड्रॉइडवर बसवायचं ॲप. मेसेजिंग ॲपमध्ये मात्र ती इतर कागदपत्रांसारखीच दिसते आणि लांब नावाचा शेवट बहुतेकदा कापला जातो.

बाईंनी फाइलवर बोट ठेवलं. या ठिकाणाहून ॲप बसवायला परवानगी नाही, असं फोन म्हणाला. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते. बाईंनी मेसेजिंग ॲपसाठी ते बटण चालू केलं, हा पहिला होकार. ॲप बसवलं, दुसरा. ते उघडल्यावर ‘अपडेट आवश्यक आहे’ असं आलं आणि त्यासाठी त्या ॲपलाही नवी ॲप्स बसवायची मुभा मागितली गेली, तिसरा. त्यातून दुसरं ॲप बसलं, चौथा. त्या दुसऱ्या ॲपचं चिन्ह करड्या दातेरी चाकाचं होतं, हुबेहूब सेटिंग्जसारखं. त्याने चित्रांसह एक पान दाखवलं: इथे जा, हे चालू करा. ते बटण ॲक्सेसिबिलिटीचं होतं, म्हणजे ॲपला पडदा वाचायची आणि बटणं दाबायची मुभा देणारं. पाचवा होकार.

एकाऐवजी दोन ॲप्स का, हे समजून घेण्यासारखं आहे. २०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये एक अडसर आला: बाहेरून आलेल्या फाइलमधून बसवलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी सहजासहजी देता येत नाही, ते बटण फिकट दिसतं. पण ॲप स्टोअर ज्या पद्धतीने ॲप बसवतात, त्याच पद्धतीने ते बसवलं तर हा अडसर लागू होत नाही. पहिलं ॲप त्यासाठीच होतं. ते फक्त हमाल.

परवानगी मिळताच चार-पाच सेकंद स्क्रीन लुकलुकली. तेवढ्यात दुसऱ्या ॲपने एसएमएस, फोन आणि संपर्कयादी या परवानग्यांच्या खिडक्यांवर स्वतःच ‘परवानगी द्या’ दाबून घेतलं. मग ‘पत्ता नोंदवला’ असं पान आलं. बाईंनी फोन टेबलावर ठेवला.

ॲक्सेसिबिलिटी एवढी घातक का

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप वेगळ्या युजर क्रमांकाखाली, स्वतःच्या वेगळ्या साठवणीत चालतं. एका ॲपला दुसऱ्याच्या फाइली वाचता येत नाहीत. त्यामुळे साधं घातक ॲप बँकेच्या ॲपमध्ये शिरू शकत नाही. ॲक्सेसिबिलिटी ही सोय ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांना बोटांनी फोन चालवणं अवघड जातं त्यांच्यासाठी आहे. म्हणूनच ती मिळालेल्या ॲपला पडद्यावरचा मजकूर वाचता येतो आणि माणसाच्या वतीने बटणं दाबता येतात. पडदा वाचून दाखवणारं खरं ॲप असेल तर हे वरदान आहे. चोराच्या हाती पडली तर कुलूप फोडायची गरजच उरत नाही, तो मालकाच्याच बोटांनी दार उघडतो.

युरोपात २०२२ साली पोलिसांनी ज्याचं जाळं बंद पाडलं, त्या फ्लूबॉट या घातक ॲपचा मार्ग हाच होता: पार्सलचा एसएमएस, बाहेरचं ॲप, ॲक्सेसिबिलिटी, आणि मग बाधित फोनमधल्या संपर्कयादीला तसेच एसएमएस. नावं बदलतात, साचा बदलत नाही.

लक्षणं, आणि ती कशी निसटली

दोन वाजता फोन हाताला गरम लागला. बॅटरी दोन तासांत ६८ वरून ३१ टक्क्यांवर आली होती. बाईंना वाटलं, जुना फोन आहे.

त्या वेळात पडदा काळा होता, पण फोन झोपलेला नव्हता. वरून काळा थर चढवून खाली बँकेचं ॲप दुरून चालवलं जात होतं. लॉकचा पिन आणि ॲपचा पिन एकच असल्यामुळे एक हाती लागल्यावर दुसरा शोधावा लागला नाही. व्यवहार बाईंच्याच फोनवरून होत असल्याने बँकेच्या यंत्रणेला ‘नवं साधन’ दिसलं नाही. ओटीपीचे एसएमएस आले, वाचले गेले आणि त्यांच्या सूचना तिथल्या तिथे पुसल्या गेल्या. दोन व्यवहार असे पार पडले.

२:५० ला कार्यालयातल्या एकाने सांगितलं की तुमचा फोन लागतो, पण उचलणारा बोलत नाही. इथे बाईंच्या फोनची घंटी वाजलीच नव्हती. सगळे कॉल दुसऱ्या क्रमांकावर वळवले होते, म्हणजे बँकेने खातरजमा करायला फोन केला तर तोही तिकडेच जावा. ३:०० ला दुसऱ्या एका व्यक्तीने विचारलं, ‘ही पत्त्याची फाइल कसली पाठवलीत?’ ३:२० ला ईमेलमध्ये सूचना: नव्या संगणकावरून साइन-इन.

गरम फोन, उतरलेली बॅटरी, न वाजणारी घंटी. प्रत्येकाला एकेकटं साधं कारण असू शकतं. तिन्ही एकाच दुपारी आली, तर संशय घ्यायला ईमेलच्या सूचनेची वाट पाहायची गरज नव्हती.

पहिला निर्णय, आणि पहिली चूक

सूचना पाहताच बाईंनी ताबडतोब ईमेलचा पासवर्ड बदलला. तत्परता योग्य, साधन चुकीचं. पासवर्ड त्याच फोनवर टाइप केला, पडताळणीचा कोड त्याच फोनच्या एसएमएसमध्ये आला. दोन्ही वाचले गेले. ३:४५ ला, नवा पासवर्ड असूनही, त्या ईमेलमधून बाहेर फेकल्या गेल्या. या पंचवीस मिनिटांत बँकेला फोन करता आला असता.

मग ॲक्सेसिबिलिटीचं पान उघडून संशयित ॲप बंद करायचा प्रयत्न झाला. पान उघडायचं आणि क्षणात आपोआप मागे जायचं. ॲप काढून टाकायला गेलं तरी तेच. हा फोनचा बिघाड नव्हे. ॲप ‘मागे’ बटण स्वतः दाबत होतं. सेटिंग्जचं एखादं ठराविक पानच टिकत नसेल, तर फोन दुसऱ्याच्या ताब्यात आहे असं धरून चालावं.

विचारात घेतलेले पर्याय

चारच्या सुमारास संगणकाचं काम पाहणारा सहकारी आला. त्याचं पहिलं वाक्य होतं, ‘ताई, त्या फोनवर आता काहीच टाइप करू नका.’ समोर चार वाटा होत्या.

लगेच फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळं पुसून फोन मूळ स्थितीत आणणं. हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि शेवटी तो करावाच लागला. पण आधी नाही. वळवलेले कॉल फोनमध्ये नव्हे, नेटवर्ककडे नोंदलेले असतात. रीसेटने ते हटत नाहीत. चोरलेले पासवर्ड आणि दुसऱ्या साधनांवर चालू असलेले लॉग-इनही तसेच राहतात. ऑथेंटिकेटरमधले कोड मात्र जातात. शिवाय २०१५ च्या अँड्रॉइड ५.१ पासून रिकव्हरी मेनूतून (फोन बंद असताना बटणांनी उघडणाऱ्या) रीसेट केलेला फोन जुन्या गूगल खात्याचा पासवर्ड मागतो. तो पासवर्ड आत्ता चोराकडे होता. त्याने तो बदलला असता तर हाती नुसती वीट उरायचा धोका होता.

एअरप्लेन मोड. बरा, पण ज्या ॲपला बटणं दाबता येतात त्याला तोही परत बंद करता येतो.

अनोळखी दुरुस्तीवाल्याकडे फोन देणं. त्यासाठी पिन सांगावा लागतो. एका परक्याच्या हातून सोडवायला दुसऱ्या परक्याकडे सोपवणं, म्हणून लगेच बाद.

चौथा पर्याय निवडला गेला: फोन पूर्ण बंद करायचा, सिम काढायचं, आणि बाकी सगळी दुरुस्ती दुसऱ्या साधनांवरून आधी उरकायची. फोन शेवटी. ज्यांचं ई-सिम आहे त्यांना ते काढता येत नाही. त्यांनी फोन बंद करून दुसऱ्या फोनवरून सेवादात्याशी बोलून ते हलवून घ्यावं लागेल.

केलेली कारवाई

४:०५ ला सिम एका जुन्या बटणांच्या फोनमध्ये गेलं. त्यात ॲप्सच नाहीत, हाच त्याचा गुण. *#२१# डायल केल्यावर उत्तर आलं: सगळे कॉल एका अनोळखी क्रमांकावर वळवलेले. ##००२# ने सगळी वळणं रद्द झाली. पुन्हा *#२१# करून खात्री केली. जोडीला *#६१#, *#६२# आणि *#६७# हेही पाहिले. पहिला कोड फोन उचलला नाही तेव्हाचं वळण दाखवतो, दुसरा फोन बंद किंवा क्षेत्राबाहेर असतानाचं, तिसरा क्रमांक व्यस्त असतानाचं. तिथे कधीकधी सेवादात्याच्या व्हॉइसमेलचा क्रमांक दिसतो, त्याने घाबरायचं कारण नाही. मात्र ##००२# ने व्हॉइसमेलही बंद होतो; हवा असल्यास नंतर सुरू करून घ्यावा.

४:१२ ला बँक. क्रमांक कार्डाच्या मागून घेतला, इंटरनेटवर शोधून नाही. शोधात वर दिसणारे ‘मदत क्रमांक’ खोटे निघू शकतात. तीन गोष्टी मागितल्या: मोबाइल बँकिंगमधून हे साधन काढून टाका, ऑनलाइन व्यवहार आणि कार्ड गोठवा, तक्रारीचा क्रमांक द्या. तिसरा व्यवहार अजून प्रक्रियेत होता, तो अडला.

मग कार्यालयातल्या संगणकावरून ईमेल. बँकेनंतर लगेच ईमेल, कारण बाकी प्रत्येक खात्याचा ‘पासवर्ड विसरलात?’ तिथेच येऊन उतरतो. ओटीपी आता बटणांच्या फोनवर येत होते, त्यामुळे हा बदल टिकला. पण पासवर्ड बदलून इथे थांबणं पुरेसं नव्हतं. सर्व साधनांवरून साइन-आउट केलं. रिकव्हरीसाठीचा पर्यायी ईमेल पाहिला, तो बदललेला होता. आणि फिल्टरच्या यादीत एक नवा नियम सापडला: बँकेकडून आलेला प्रत्येक मेल थेट कचरापेटीत. तो राहिला असता तर पुढचे कित्येक दिवस बँकेची पत्रं दिसलीच नसती. फिल्टरची ही यादी तपासायचं बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही.

इथे दुसरी चूक झाली. फोन बंद आहे म्हणजे मेसेजिंग ॲपही गप्प, असं गृहीत धरलं गेलं. ते व्हॉट्सॲप होतं, आणि त्यात जोडलेलं साधन मूळ फोन बंद असतानाही १४ दिवसांपर्यंत चालू राहू शकतं. चोराने दुपारीच एक साधन जोडून ठेवलं होतं. ५:३० ला आणखी दोघांना तीच फाइल गेली. तेव्हा सहकाऱ्याच्या शिलकी स्मार्टफोनवर बाईंचा क्रमांक नव्याने नोंदवला, कोड बटणांच्या फोनवर आला, ‘जोडलेली साधने’ या यादीतून अनोळखी नोंद गेल्याची खात्री केली आणि सहा आकडी टू-स्टेप पिन लावला. चोराने आधीच स्वतःचा पिन लावला असता तर सात दिवस ताटकळावं लागलं असतं. संपर्कयादीतल्या लोकांना एसएमएस गेला: आज माझ्या नावाने आलेली फाइल उघडू नका, उघडली असेल तर फोन बंद करून मला फोन करा.

फोनची सफाई

रात्री, सिम बाहेर आणि वाय-फाय राउटर बंद ठेवून फोन सुरू केला. पॉवर बटण धरून ठेवलं, पडद्यावरच्या ‘बंद करा’वर बोट दाबून धरलं, सेफ मोडला होकार दिला. काही फोनमध्ये पद्धत वेगळी असते. सेफ मोडमध्ये वापरकर्त्याने बसवलेली ॲप्स चालत नाहीत, म्हणून पानं आता टिकली. आधी पुराव्यासाठी दुसऱ्या कॅमेऱ्याने ॲप्सच्या यादीचे आणि परवानग्यांचे फोटो घेतले. मग ॲक्सेसिबिलिटी बंद, डिव्हाइस ॲडमिनच्या (फोनवर खास अधिकार दिलेल्या ॲप्सच्या) यादीतून नोंद बंद, आणि नंतर दोन्ही ॲप्स काढली. हाच क्रम हवा. ॲडमिनचा अधिकार असलेलं ॲप तो काढल्याशिवाय निघत नाही. प्ले प्रोटेक्टची, म्हणजे घातक ॲप्स शोधणारी गूगलची, तपासणीही बंद केलेली आढळली.

सेफ मोडमध्ये ऑथेंटिकेटरही चालत नाही. म्हणून ॲप्स काढल्यावर फोन नेहमीसारखा सुरू केला, नेटशिवायच. ऑथेंटिकेटरचे कोड फोनच्या घड्याळावर दर ३० सेकंदांनी बदलतात, त्यांना इंटरनेट लागत नाही. तो कोड पाहून संगणकावरून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रवेश केला, ऑथेंटिकेटरची जुनी जोडणी तोडून सहकाऱ्याच्या शिलकी फोनवर नवी केली आणि या वेळी बॅकअप कोड कागदावर उतरवले. जुनी जोडणी का तोडली? पडदा वाचणाऱ्या आणि बटणं दाबणाऱ्या ॲपच्या हाती ती जोडणीही लागलेली असू शकते. फोटो आणि कागदपत्रं केबलने संगणकावर नेली. डाउनलोडचा फोल्डर मुद्दाम मागे ठेवला.

ॲप्स निघाल्यावर रीसेट कशाला, असा प्रश्न आला. दोन ॲप्स सापडली म्हणजे दोनच होती, असं सिद्ध होत नाही. म्हणून सेटिंग्जमधूनच फॅक्टरी रीसेट केला. तिथून केला की जुन्या खात्याची अडवणूक राहत नाही. रीसेटलाही पुरून उरणारे प्रकार आहेत. २०१९-२० मधलं एक्सहेल्पर हे घातक ॲप तसं गाजलं होतं, पण ते दुर्मीळ. फोन ‘नवा’ म्हणून उभा केला, बॅकअपमधून ॲप्स परत आणली नाहीत. स्टोअरमधून एकेक करत १४ बसवली. बाकीच्या ४७ ची आठवण कोणालाही आली नाही.

परिणाम

अडलेला तिसरा व्यवहार वाचला. आधीच्या दोनपैकी एकाची रक्कम २३ दिवसांनी परत आली, दुसऱ्याची आली नाही. ईमेल आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर त्याच दिवशी ताब्यात आलं. फाइल पोहोचलेल्यांपैकी एकाने ती बसवली होती, पण एसएमएस वाचून ॲक्सेसिबिलिटी देण्याआधीच थांबला. त्याचं काम ॲप काढून आणि खबरदारी म्हणून रीसेट करून भागलं.

वेगळं काय करता आलं असतं

संशय आल्यावरही वाया गेली ती ३:२० ते ४:०५ ही पाऊण तासाची वेळ. कार्डाच्या मागचा क्रमांक, आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक (तो *#०६# ने कळतो), आणि बॅकअप कोड एका कागदावर घरी असते, तर बाईंना सहकाऱ्याची वाट पाहावी लागली नसती. हे फोनमध्येच साठवलं तर उपयोग शून्य.

पिन वेगळे असते तर चोराचं काम अडलं असतं का? बहुधा थोडंसंच, कारण पडदा वाचणारा दुसरा पिनही टिपतो, फक्त मालकिणीने तो टाइप करेपर्यंत थांबावं लागतं. एसएमएस ओटीपीचं मात्र वेगळं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्येच तो ‘मर्यादित’ गटात टाकला. जिथे पासकी (पासवर्डऐवजी साधनातच साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा वेगळी सुरक्षा-चावी (संगणकाला वा फोनला जोडायचं छोटं उपकरण) चालते तिथे ती लावणं योग्य, निदान ईमेलला तरी. पासकी त्याच फोनमध्ये असेल आणि फोनच बाधित असेल, तर तीही पूर्ण आधार देत नाही. चावी वेगळी असली तर देते.

अँटिव्हायरस असता तर, असं विचारलं जातं. कदाचित त्याने पहिलं ॲप ओळखलं असतं. पण ज्या माणसाने पाच इशारे ओलांडले, तो सहावाही ओलांडू शकतो. त्यापेक्षा दर महिन्याला दोन याद्या डोळ्याखालून घालणं जास्त कामाचं: ‘अज्ञात ॲप्स बसवा’ या पानावर कोणालाही परवानगी नसावी, आणि ॲक्सेसिबिलिटीच्या यादीत तुम्ही स्वतः जाणीवपूर्वक चालू केलेलंच असावं. दोन्ही मिळून दोन मिनिटं.

एक धागा तिसऱ्या दिवसापर्यंत कोणीच धरला नव्हता. ज्या सहकाऱ्याच्या खात्यावरून मूळ फाइल आली, त्याला कोणी विचारलंच नव्हतं. विचारल्यावर तो म्हणाला, मला संशय आला होता, मी ते पार्सलचं ॲप त्याच दिवशी काढून टाकलं. त्याने पहिलं ॲप काढलं होतं. करडं दातेरी चाक त्याच्या फोनमध्ये अजून होतं, आणि *#२१# डायल केल्यावर तोच अनोळखी क्रमांक आला.